न घेतलेल्या गोळीचा हिशेब

ऑक्टोबर महिना उजाडला की निफाड, दिंडोरी, चांदवड या भागांतील द्राक्षबागांत गोडी छाटणीची लगबग सुरू होते. छाटणीनंतर कोवळी फूट वर येते आणि त्याबरोबर फवारणीचे वेळापत्रकही सुरू होते. पानावर डागाचा मागमूस नसतो, वेल तरारलेली दिसते. तरीही बागायतदार पहाटे उठून पंप चालू करतो. केवड्याचा डाग नजरेस पडेपर्यंत थांबायचे म्हटले तर हंगाम हातचा जातो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. फवारणीवर होणारा खर्च त्याला जड जातो, पण तो खर्च वाया गेला असे तो मानीत नाही.

असा हिशेबी माणूस स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र पुष्कळदा उलटा विचार करतो. मधुमेहाचे निदान होते, डॉक्टर गोळ्या लिहून देतात, महिना-दोन महिने त्या नियमाने घेतल्या जातात. पुढे साखर आटोक्यात आल्याचा अहवाल हाती पडतो, अंगात तरतरी वाटू लागते आणि “आता काही त्रास नाही, मग औषध कशाला?” असे म्हणून गोळ्यांची पट्टी फडताळात जाते. त्या दिवशी काही रुपये वाचल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात त्या दिवसापासून एका मोठ्या खर्चाची नोंद सुरू झालेली असते. तो खर्च कोणता, तो कोणाच्या माथी येतो आणि तो टाळता कसा येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रोगाचा विस्तार

मधुमेह हा श्रीमंतांचा, बैठ्या माणसांचा रोग आहे ही समजूत आता मागे टाकावी लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून प्रौढांतील त्याचे प्रमाण ११.४ टक्के आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्रातील प्रमाण ८.४ टक्के असल्याचे दिसून आले होते.

अंगाने सडपातळ असलेल्या माणसालाही हा रोग गाठतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवून दिले की, भारतीय माणूस वजनाने हलका दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. त्यामुळे सातपूर-अंबडचा कामगार, मालेगावचा यंत्रमाग चालविणारा कारागीर आणि शेतावर राबणारा शेतकरी यांपैकी कोणीही स्वतःला सुरक्षित समजण्याचे कारण नाही.

वेदना नसलेला रोग

औषध सोडण्याचा मोह मधुमेहातच इतका का होतो, हे समजून घेण्यासाठी या रोगाची रीत पाहिली पाहिजे. दात दुखला की माणूस रात्रीच वैद्याचे दार ठोठावतो. मधुमेह दुखत नाही. रक्तातील साखर बरीच वाढली तर तहान, वारंवार लघवी, थकवा अशी लक्षणे दिसतात. पण ती माफक वाढलेली असेल तर वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. या शांततेच्या काळातच ती शरीरातील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब करीत असते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडातील गाळणी आणि पायांच्या मज्जातंतूंना रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या अशाच बारीक असतात. म्हणून दृष्टी, मूत्रपिंड व पाय या तीन ठिकाणी या रोगाचा घाला प्रथम पडतो. हृदय व मेंदूच्या मोठ्या वाहिन्याही यातून सुटत नाहीत. क्षयरोगाचा धोकाही मधुमेही व्यक्तीला इतरांच्या दोन ते तीन पट असतो.

यात आशेची बाजूही आहे. ब्रिटनमध्ये १९७७ साली पाच हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांचा एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्याचे निष्कर्ष १९९८ साली व त्यानंतर प्रसिद्ध झाले. मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी ‘एचबीए१सी’ नावाची तपासणी असते. तिच्यात एका टक्क्याची घट झालेल्या रुग्णांत बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी असल्याचे या अभ्यासात आढळले. सुरुवातीच्या वर्षांत साखर नीट आटोक्यात ठेवली तर तिचा लाभ पुढे कित्येक वर्षे टिकून राहतो, असेही २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील पाहणीत दिसून आले. ज्या काळात काहीच दुखत नाही, नेमक्या त्याच काळातील गोळी सर्वांत अधिक मोलाची असते, असा याचा अर्थ होतो.

ताळेबंद

आता हिशेबाकडे वळू. मधुमेहावर प्रथम दिले जाणारे औषध म्हणजे मेटफॉर्मिन. १९५७ साली फ्रान्समध्ये ते उपचारात आले आणि आज जगभर वापरले जाते. त्याच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीची किंमत साधारणतः दोन रुपयांच्या आसपास असते. दिवसाला दोन गोळ्या धरल्या तर वर्षाचा खर्च १,४६० रुपये होतो. सर्वांचे एवढ्यावर भागत नाही, हे खरे. कित्येकांना दुसरे-तिसरे औषध लागते, रक्तदाबाची गोळी लागते. म्हणून आपण सढळ हाताने रोजचे वीस रुपये धरू. तरी वर्षाचे ७,३०० रुपये होतात.

खात्याच्या दुसऱ्या बाजूला मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचा खर्च मांडू. अशा रुग्णाचे रक्त यंत्राच्या साहाय्याने शुद्ध करावे लागते. या उपचाराला डायलिसिस म्हणतात, आणि मूत्रपिंडे निकामी होण्याच्या प्रमुख कारणांत मधुमेहाची गणना होते. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा करताना केंद्रीय अर्थमंत्र्यांनी २०१६ सालच्या अर्थसंकल्पी भाषणात एका वेळच्या डायलिसिसचा खर्च सुमारे दोन हजार रुपये व वर्षाचा तीन लाखांहून अधिक सांगितला होता. आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे वर्षातून १५६ वेळा हा उपचार घ्यायचा, तर दोन हजारांच्या दराने ३ लाख १२ हजार रुपये होतात. रोज वीस रुपयांच्या औषधांवर हीच रक्कम बेचाळीस वर्षे पुरली असती.

हा केवळ उपचाराचा खर्च झाला. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील रुग्णाला उपचारासाठी नाशिकला यावे लागले, तर घाट उतरून-चढून येण्याजाण्याचे भाडे, वाटेतील जेवण आणि बुडालेली मजुरी यांची भर त्यात पडते. रुग्ण एकटा येत नाही. मुलगा, सून किंवा पत्नी सोबत असते. म्हणजे वर्षातील १५६ खेपांत दोन माणसांचे मिळून ३१२ दिवस जातात. हे दिवस कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात दिसत नाहीत. ते घराच्या चुलीवर दिसतात. कधी मुलीचे शिक्षण थांबते, कधी गाय विकली जाते, कधी सातबाऱ्यावर बोजा चढतो.

पायाची गोष्ट याहून वेगळी नाही. संवेदना बोथट झाल्यामुळे चपलेचा खिळा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी बोट किंवा पाय काढावा लागतो. मधुमेहात पाय कापण्याची वेळ येते तेव्हा बहुतेक वेळा आधी अशीच एखादी साधी जखम झालेली असते. उसाच्या फडात, कांद्याच्या वाफ्यात किंवा कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याचा पाय गेला म्हणजे त्याची कमाईच गेली. दृष्टी गेली तर सोबत करणाऱ्या दुसऱ्या माणसाचीही कमाई घटते.

गोळ्या चुकविणाऱ्या प्रत्येकाचे मूत्रपिंड निकामी होते, किंवा नियमाने गोळ्या घेणाऱ्याला कधीच उपद्रव होत नाही, असे मात्र समजू नये. औषध धोका कमी करते, तो नाहीसा करीत नाही. तरीही अनेकांचा एकत्र हिशेब केला की निकाल स्पष्ट होतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत औषधे नियमित घेणाऱ्या मधुमेही रुग्णांचा औषधांवरील खर्च वाढलेला दिसला. परंतु त्यांचा रुग्णालयाचा खर्च त्याहून अधिक घटला आणि एकूण खर्च कमी झाला.

शासनाच्या तिजोरीवरील भार

हा भार एकट्या कुटुंबावर पडत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे राज्यभर विस्तारलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. २०२३ साली शासनाने तिचे छत्र राज्यातील सर्व कुटुंबांवर धरण्याचा आणि वार्षिक संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. डायलिसिसचा समावेश या योजनेत आहे. नाशिक शहरात जिल्हा रुग्णालय आहे, तसेच शालिमार भागात विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. अवघड आजारांसाठी उत्तर महाराष्ट्रातील रुग्ण तेथे येतात.

या सोयी मोलाच्या आहेत. पण त्यांचा उपयोग रोग पुढच्या पायरीवर गेल्यानंतर होतो. विमा योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी रोज घ्यावयाची गोळी तिच्या कक्षेत येत नाही. दोन रुपयांची गोळी चुकली म्हणून पुढे खर्ची पडणारे लाखभर रुपये शासनाने भरले तरी तो पैसा जनतेचाच असतो. त्याच पैशात एखाद्या उपकेंद्राला औषधे, एखाद्या आदिवासी पाड्याला रुग्णवाहिका मिळू शकली असती. बैल गेला नि झोपा केला, अशी आरोग्यव्यवस्थेची गत होऊ द्यायची नसेल तर झोप्याची काळजी आधी घ्यावयास हवी.

गोळी का चुकते?

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या प्रश्नावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. विकसित देशांतही दीर्घ मुदतीच्या आजारांचे रुग्ण सरासरीने निम्म्याच प्रमाणात औषधे नियमित घेतात, असे त्यात नमूद आहे. अशा रुग्णाला दोष देण्याऐवजी साहाय्य केले पाहिजे, हा त्या अहवालाचा रोख होता. आपल्याकडील कारणे पाहिली तर हा रोख योग्य वाटतो.

पहिले कारण पैशाचे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शहरी गरीब मधुमेही कुटुंबाच्या उत्पन्नाचा सुमारे एकतृतीयांश भाग या आजारावर खर्च होत असल्याचे आढळले. ज्याच्या घरी कांद्याचा भाव पडला की किराणाही उधारीवर येतो, त्याने दोनऐवजी एकच गोळी घेतली तर त्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. दुसरे कारण अंतराचे. दवाखाना लांब, बस दिवसातून दोनदा, आणि केंद्रावर गेल्यावर औषध शिल्लक नसले तर मजुरीचा दिवस फुकट गेला. तिसरे कारण समजुतीचे. “एकदा गोळी लागली की जन्माची लागते”, “इन्शुलिन म्हणजे शेवटची अवस्था”, “कारल्याचा रस घेतला की पुरे” अशी वाक्ये पारावर सर्रास ऐकू येतात. कारले खाण्यास हरकत नाही. हरकत आहे ती कारल्यासाठी गोळी सोडण्यास. चौथे कारण संकोचाचे. घरातील गृहिणी सर्वांच्या औषधांची वेळ सांभाळते आणि स्वतःची गोळी मात्र “नंतर घेईन” म्हणून विसरते.

आणखी एक खोड आहे. तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य पाळून, गोळ्या घेऊन साखर ‘चांगली’ दाखवायची! उपाशीपोटीच्या तपासणीत ही लबाडी खपून जाते. ‘एचबीए१सी’मध्ये मात्र तीन महिन्यांची वागणूक उघडी पडते. ज्याची फसवणूक करावयाची तो डॉक्टर नसून आपणच आहोत, हे लक्षात घेतले तर ही सवय आपोआप सुटेल.

उपवास, रोजे आणि औषध

आपल्या जिल्ह्यात सप्तशृंगगडाच्या नवरात्रापासून मालेगावच्या रमजानपर्यंत व्रतांची परंपरा मोठी आहे. श्रद्धेचा मान राखूनही औषधाचा विचार करता येतो. उपवासाच्या दिवशी काही जण गोळी पूर्ण बंद करतात, तर काही पोटात अन्न नसताना नेहमीइतकीच घेतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. इन्शुलिन आणि काही प्रकारच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर साखर एकदम खाली जाऊन घाम फुटतो, हातपाय कापतात, शुद्धही हरपू शकते. अशा वेळी तीन-चार लहान चमचे साखर किंवा तितकाच गूळ लगेच खाल्ला पाहिजे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. उलट साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांनी उपवासाच्या दिवशीच साखर चढते. यास्तव व्रत सुरू होण्यापूर्वी काही आठवडे डॉक्टरांना भेटावे आणि गोळ्यांचे प्रमाण व वेळ त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. कोणी उपवास करू नये, हेही तेच सांगतील.

उपाय हाताशी आहेत

तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी गावपातळीवर करण्याचा कार्यक्रम राबविला जात आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन माहिती भरून घेते. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे आयुष्मान आरोग्य मंदिरांत रूपांतर होत असून तेथे ही तपासणी होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. बाजारातून औषध घ्यावयाचे झाले तर जन औषधी केंद्रात त्याच घटकाचे औषध कमी किमतीत मिळते.

घरी करावयाच्या गोष्टी याहूनही सोप्या आहेत. गोळीची वेळ एखाद्या ठरलेल्या कामाशी, न्याहारीशी किंवा संध्याकाळच्या दिवाबत्तीशी जोडून द्यावी. पट्टीवर वारांची नावे लिहून ठेवावीत. औषध संपण्याच्या आठवडाभर आधी, आठवडे बाजाराच्या दिवशी, पुढील महिन्याचे औषध आणावे. म्हणजे वेगळी खेप पडत नाही. ज्यांच्या घरी शीतकपाट नाही त्यांनी वापरात असलेली इन्शुलिनची बाटली ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी ठेवावी. पाय रोज रात्री धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहावयास सांगावे. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची व लघवीची तपासणी करून घ्यावी. औषधाने मळमळ, जुलाब किंवा अन्य त्रास होत असेल तर ते स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगावे. बहुतेक वेळा मात्रा किंवा वेळ बदलून तो त्रास दूर होतो. पैशाची अडचण असेल तर तीही निःसंकोच सांगावी. स्वस्त पर्याय अनेकदा उपलब्ध असतो.

आरोग्य यंत्रणेचीही यात जबाबदारी आहे. केंद्रावर औषधाचा साठा अखंड राहणे, स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला एका खेपेत पुरेशा दिवसांचे औषध मिळणे आणि एखादा रुग्ण महिना उलटूनही आला नाही तर त्याच्या घरी चौकशी होणे, या तीन गोष्टी झाल्या तर निम्मे काम होईल. उरलेले निम्मे काम कुटुंबाने करावयाचे आहे. “आज गोळी घेतली का?” हा प्रश्न घरात रोज विचारला गेला, तर त्याला एक पैसाही लागत नाही.

महिनाअखेरीस पट्टीत उरलेल्या गोळ्या पाहून काहींना बचत झाल्यासारखे वाटते. ती बचत नसून कर्ज असते. त्याचे व्याज डोळे, मूत्रपिंडे आणि पाय भरीत असतात. पान हिरवे असतानाच फवारणी करणाऱ्या नाशिकच्या बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. बागेसाठी जे शहाणपण तो दर हंगामात वापरतो, तेच त्याने स्वतःसाठी, घरधनिणीसाठी आणि म्हाताऱ्या आईवडिलांसाठी रोज वापरावे, एवढेच सांगणे आहे.